इन्फ्ल्यूएंझा विषाणूची उत्क्रांती व लसनिवड : पुणे व पिंपरी-चिंचवड परिसर

इन्फ्ल्यूएंझा (फ्ल्यू) हा श्वसनमार्गाचा तीव्र सांसर्गिक रोग ज्या विषाणूंमुळे होतो, ते आपले बाह्य स्वरूप सतत बदलीत असतात. त्यामुळे एका वर्षी गुणकारी ठरलेली लस काही वर्षांनी निरुपयोगी होण्याचा संभव असतो. देवी किंवा गोवर यांची लस एकदा सिद्ध झाल्यावर पिढ्यान्‌पिढ्या तीच वापरता आली. इन्फ्ल्यूएंझाच्या लशीतील घटक मात्र वर्षातून दोनदा नव्याने ठरवावे लागतात आणि तेही साथ सुरू होण्यापूर्वी कित्येक महिने. लस बनविणे हे येथे निम्मे काम असून पुढील हंगामात कोणता विषाणू पसरेल याचा अंदाज बांधणे हे उरलेले निम्मे होय. या अंदाजाच्या इतिहासात पुणे शहर व त्याला लागून असलेला पिंपरी-चिंचवड–चाकण हा औद्योगिक पट्टा यांना वेगळे महत्त्व आहे. विषाणूचा नमुना देणारे रुग्ण, त्याची ओळख पटविणारी प्रयोगशाळा आणि लस तयार करणारा कारखाना हे तिन्ही एकाच जिल्ह्यात असल्याची उदाहरणे जगात फार थोडी आढळतात.

विषाणूचे परिवर्तन : इन्फ्ल्यूएंझा विषाणूंचे ए, बी, सी व डी असे चार प्रकार असून माणसांतील हंगामी साथींना पहिले दोन कारणीभूत होतात. विषाणूच्या पृष्ठभागावर हीमॅग्लुटिनीन व न्यूरामिनिडेज ही दोन प्रथिने काट्यांप्रमाणे उभी असतात. पहिल्याच्या साहाय्याने विषाणू श्वसनमार्गातील कोशिकेला चिकटतो व आत शिरतो, तर दुसऱ्याच्या साहाय्याने नव्याने तयार झालेले विषाणू कोशिकेपासून सुटे होतात. ए प्रकारातील उपप्रकारांना एच१एन१, एच३एन२ अशी जी नावे दिली जातात, ती या दोन प्रथिनांवरूनच होत. लशीमुळे रक्तात निर्माण होणारी प्रतिपिंडे (शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थाला प्रतिकार करणारी विशिष्ट प्रथिने) मुख्यतः हीमॅग्लुटिनिनाला ओळखतात. विषाणूचे आनुवंशिक द्रव्य आरएनए हे असून त्याची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करण्याची व्यवस्था विषाणूजवळ नसते. अशा चुकांपैकी बहुतेक विषाणूलाच मारक ठरतात. क्वचित एखादी चूक हीमॅग्लुटिनिनाचा आकार एवढाच बदलते की, कोशिकेला चिकटण्याची शक्ती कायम राहते. पण जुन्या प्रतिपिंडांना विषाणू ओळखता येत नाही. या संथ बदलास प्रतिजनी विचलन म्हणतात. दोन भिन्न उपप्रकारांचे आठ आरएनए-खंड एकाच कोशिकेत मिसळून अगदी नवा विषाणू जन्मास येतो तेव्हा त्यास प्रतिजनी पालट म्हणतात. १९५७, १९६८ व २००९ या वर्षीच्या जागतिक साथी अशा पालटातून उद्‌भवल्या. विचलनाचा अंदाज काही अंशी बांधता येतो. पालटाचा अंदाज आजही बांधता येत नाही.

पूर्वेतिहास : १९१८ च्या जून महिन्यात मुंबई बंदरातून ही साथ देशात शिरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातील दुसऱ्या लाटेने मुंबई इलाखा अक्षरशः होरपळून निघाला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पावसानेही दगा दिल्यामुळे दख्खनच्या जिल्ह्यांत दुष्काळ व रोग एकाच वेळी आले. भारतातील एकूण मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. जनगणनेच्या इतिहासात असे दुसरे दशक नाही. रोगकारक विषाणू आहे हेच तेव्हा माहीत नव्हते. रुग्णांच्या थुंकीत सापडणाऱ्या एका जंतूला दोषी धरून लशी बनविण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले व अर्थातच ते फसले.

मानवी इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू १९३३ मध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूझ व पॅट्रिक लेडलॉ यांनी लंडन येथे वेगळा केला. त्यासाठी त्यांनी फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी वापरला आणि विषाणूंची तुलना करण्यासाठी तो प्राणी आजतागायत वापरात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत टॉमस फ्रान्सिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या अंड्यात वाढविलेल्या विषाणूपासून लस तयार केली व ती सैनिकांना टोचण्यात आली. ती उत्तम ठरली. पण १९४७ मध्ये तीच लस घेतलेल्यांना रोग होऊ लागला, तेव्हा विषाणू आपल्या हातून निसटला असल्याचे ध्यानात आले. लसनिवडीच्या शास्त्राचा खरा आरंभ या अपयशातून झाला. त्याच सुमारास लंडन येथे जागतिक इन्फ्ल्यूएंझा केंद्र स्थापण्यात आले आणि १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशींच्या प्रयोगशाळांचे निरीक्षणजाल उभारले. प्रत्येक देशातील राष्ट्रीय केंद्राने नमुने गोळा करावेत, त्यांतील वेगळे वाटणारे विषाणू लंडन, मेलबर्न यांसारख्या संदर्भकेंद्रांकडे पाठवावेत आणि तेथील तुलनेवरून लशीचे घटक ठरावेत, अशी ही योजना होती. तिचा सांगाडा अजून तोच आहे.

पुण्यातील विषाणू संशोधन केंद्रही १९५२ सालचेच. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी ते संयुक्तपणे स्थापिले. त्याचे लक्ष आरंभी डास, गोचीड इत्यादींमार्फत पसरणाऱ्या विषाणूंवर होते. १९५७ मध्ये म्हैसूर राज्यातील क्यासनूर अरण्यरोगाच्या विषाणूचा शोध हे त्याचे पहिले मोठे यश होय. त्याच वर्षी मे महिन्यात ‘आशियाई फ्ल्यू’ (एच२एन२) मद्रास बंदरातून भारतात आला आणि काही महिन्यांत सुमारे ४४ लाख रुग्णांची नोंद झाली. त्या साथीचा विषाणूशास्त्रीय अभ्यास मात्र पुण्यास नव्हे, तर कून्नूर येथील पाश्चर संस्थेत झाला. १९७८ मध्ये पुण्याच्या केंद्राचे नाव राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था असे झाले. खोरशेद पावरी या तिच्या संचालिका असताना इन्फ्ल्यूएंझाचे नियमित निरीक्षण तेथे सुरू झाले. काळ अनुकूल होता. १९७७ मध्ये एच१एन१ हा उपप्रकार वीस वर्षांच्या अज्ञातवासानंतर जगात पुन्हा प्रकट झाला होता व एच३एन२ नाहीसा न होता त्याच्या जोडीने वावरू लागला होता.

औद्योगिक पट्टा : ज्या लोकवस्तीत हे निरीक्षण पुढे विस्तारले, ती वस्तीच त्या काळात नव्याने घडत होती. १९५४ मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना पिंपरीच्या माळावर उभा राहिला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पेनिसिलिनाचा इन्फ्ल्यूएंझा विषाणूवर काहीही परिणाम होत नाही. तथापि या रोगातील पुष्कळ मृत्यू त्यानंतर जडणाऱ्या जंतुजन्य फुप्फुसदाहाने होतात व त्यावर ते उपयोगी पडते. १९१८ मध्ये माणसे ज्या कारणाने मोठ्या संख्येने दगावली, त्यावरील एक औषध १९५७ च्या साथीत पिंपरीत बनत होते, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या शिवारांत मोटारी, दुचाकी वाहने व त्यांचे सुटे भाग यांचे कारखाने उभे राहिले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत सु. १० लाख असलेली तिची लोकसंख्या २०११ मध्ये १७ लाखांवर गेली. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले खेड तालुक्यातील चाकण याच सुमारास मोटारउद्योगाचे केंद्र बनले.

साथीच्या दृष्टीने या वस्तीची ठेवण लक्षात घेण्याजोगी आहे. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेले तरुण कामगार एकेका खोलीत चार-सहा जण राहतात, पाळी बदलताना कारखान्याच्या बसमध्ये दाटीवाटीने बसतात आणि दिवाळीला किंवा छठपूजेला एकदमच गावी जातात. नवा विषाणू इकडून तिकडे नेण्यास याहून सोयीची व्यवस्था क्वचितच असेल. शिवाय अंगात कणकण असताना रजा घेतल्यास त्या दिवसाचा रोजगार बुडतो, म्हणून कंत्राटी कामगार तापातही कामावर जातो. असा रुग्ण रुग्णालयात येत नाही आणि त्याच्या घशातील विषाणूही प्रयोगशाळेत पोहोचत नाही.

पावसाळ्याचे कोडे : बी. एल. राव व कल्याण बॅनर्जी यांनी पुण्यातील १९७८ ते १९९० या काळातील निरीक्षणांचा वृत्तांत १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. पुण्यात इन्फ्ल्यूएंझाचा जोर पावसाळ्यात असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. पावसात भिजले की सर्दी-ताप यायचा, हा घरोघरचा अनुभव. त्यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. नवल आहे ते असे की, पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत इन्फ्ल्यूएंझा हा हिवाळ्याचा रोग मानला जातो आणि लशीचे सारे वेळापत्रक त्या समजुतीवर बेतलेले आहे. जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठी लशीचे घटक फेब्रुवारीत सुचविते. ती लस सप्टेंबर-ऑक्टोबरात बाजारात येते. दक्षिण गोलार्धासाठीची शिफारस सप्टेंबरात होते व ती लस पुढील मार्च-एप्रिलपासून मिळू लागते. पुणे भूगोलाच्या दृष्टीने उत्तर गोलार्धात असले, तरी फ्ल्यूच्या दृष्टीने ते दक्षिण गोलार्धाला अधिक जवळचे ठरते. ऑक्टोबरात टोचलेली उत्तर गोलार्धाची लस येथील साथ ओसरल्यावर मिळते आणि पुढील पावसाळा येईपर्यंत तिचा प्रभाव बराच मंदावलेला असतो.

मनदीप चढ्ढा व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील निरनिराळ्या केंद्रांच्या नोंदी एकत्र करून २०१५ मध्ये हा मुद्दा अधिक काटेकोरपणे मांडला. पुणे, नागपूर, दिल्ली, लखनौ इत्यादी ठिकाणी साथीचा जोर जून ते ऑक्टोबर या काळात असतो. चेन्नई व वेल्लोर येथे ईशान्य मोसमी पावसाबरोबर तो वर्षअखेरीस सरकतो, तर श्रीनगर येथे युरोपाप्रमाणे हिवाळ्यात येतो. म्हणून देशाच्या बहुतेक भागांत एप्रिल-मे महिन्यांत आणि काश्मीरात ऑक्टोबर-नोव्हेंबरात लस द्यावी, असे त्यांनी सुचविले. एकाच देशाला दोन गोलार्धांच्या लशी लागाव्यात, हा निष्कर्ष प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. पण तो पावसाच्या नकाशाशी जुळतो. अर्थात विषाणू हे वेळापत्रक नेहमी पाळतोच असे नाही. २०१५ ची मोठी साथ जानेवारी ते मार्च या महिन्यांत आली, तर २०१७ मध्ये महाराष्ट्रात ऐन उन्हाळ्यातही रुग्ण आढळत राहिले.

२००९ ची साथ : एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको व अमेरिकेत एक नवा एच१एन१ विषाणू आढळला. डुकरांतील दोन व पक्षी आणि मानव यांच्यातील विषाणूंचे खंड मिसळून तो बनला होता. भारतातील पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबाद येथे सापडला. परंतु स्थानिक प्रसाराचे पहिले मोठे केंद्र पुणे ठरले. जुलैमध्ये शाळांतून रुग्ण सापडू लागले आणि ३ ऑगस्ट २००९ रोजी देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. मृत मुलगी चौदा वर्षांची होती. त्यानंतरचे दिवस पुणेकरांच्या व पिंपरी-चिंचवडकरांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिले. पुण्यातील नायडू रुग्णालय व पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय यांपुढे तपासणीसाठी रांगा लागल्या, दोन्ही शहरांतील शाळा-महाविद्यालये आठवडाभर व चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवण्यात आली, औषधांच्या दुकानांतील मुखपट्ट्या संपल्या. आरंभी देशात या विषाणूची खात्रीशीर तपासणी पुणे व दिल्ली येथील दोनच केंद्रीय प्रयोगशाळांत होत असे. डिसेंबर २००९ अखेर देशात २७,२३६ रुग्ण व ९८१ मृत्यू नोंदले गेले. २०१० मध्ये रुग्ण त्याहून कमी (२०,६०४), पण मृत्यू जास्त (१,७६३) होते. हे आकडे तपासणी झालेल्यांचेच आहेत हे ध्यानात ठेवले पाहिजे.

लशीच्या दृष्टीने या साथीचा धडा कठोर होता. विषाणूची ओळख एप्रिलमध्ये पटली, लशीसाठी ए/कॅलिफोर्निया/७/२००९ हा प्रभेद निश्चित झाला. तरीही पुण्यातील लाट येऊन गेली तेव्हा लस नव्हती. २०१० मध्ये प्रथम आरोग्यसेवकांसाठी परदेशी लस आणण्यात आली आणि त्याच वर्षाच्या मध्यास भारतीय लशी बाजारात आल्या. हडपसर येथील सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने जुलै २०१० मध्ये आणलेली ‘नॅसोव्हॅक’ ही लस टोचावयाची नसून नाकात फवारावयाची होती. तिच्यातील विषाणू जिवंत, परंतु दुर्बल केलेला असतो. त्यासाठी रशियातील सेंट पीटर्झबर्ग येथील प्रायोगिक वैद्यक संस्थेने थंडीशी जुळवून घेतलेला मूळ प्रभेद वापरण्यात आला. विकसनशील देशांनी स्वतःची इन्फ्ल्यूएंझा लस बनवावी यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जी योजना आखली, तिचे हे फळ होते. मृत विषाणूच्या लशीच्या मानाने अशा लशीच्या कितीतरी अधिक मात्रा एका अंड्यापासून मिळतात. गरीब देशाला तिचे आकर्षण वाटते ते म्हणूनच.

या लशीच्या पुढील त्रिघटकी रूपाची परीक्षा बांगला देश व सेनेगल येथील बालकांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. बांगला देशात लशीतील घटकांशी जुळणाऱ्या विषाणूंविरुद्ध ती ५७.५ टक्के परिणामकारक ठरली. सेनेगलमध्ये तिचा उपयोग झाल्याचे दिसले नाही. कारखाना तोच व लस तीच असताना असे का व्हावे, याचे एकच एक कारण सांगता येत नाही. प्रभेद योग्य निवडला तरी तो लशीच्या रूपात माणसाच्या नाकात किती वाढतो, त्या मुलांना पूर्वी कोणते संसर्ग झालेले असतात, यांवरही बरेच अवलंबून असते. लशीच्या यशाची जबाबदारी केवळ अंदाजावर टाकता येत नाही, हे यावरून कळते.

२०१५ चा वाद : २०१५ मध्ये देशात सु. ४२,६०० रुग्ण व २,९९० मृत्यू नोंदले गेले. मार्चमध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील कण्णन थरकरामन व राम शशिसेखरन यांनी ए/इंडिया/६४२७/२०१४ या प्रभेदाच्या हीमॅग्लुटिनिनाचा जनुकक्रम तपासून असे मांडले की, त्यात मानवी कोशिकेशी अधिक घट्ट चिकटण्यास साहाय्यक असे बदल झाले असून जुन्या घटकाची लस कदाचित पुरी पडणार नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व पुण्याची संस्था यांनी हे मान्य केले नाही. साथीतील विषाणू २००९ च्या विषाणूहून महत्त्वाच्या बाबतीत वेगळा नाही, अशी त्यांची भूमिका होती. वाद वृत्तपत्रांत गाजला. त्यातील सर्वांत बोलकी गोष्ट मात्र कोणाचे खरे होते ही नव्हे. मागील दोन वर्षांत भारतातील अवघ्या दोन विषाणूंचे पूर्ण हीमॅग्लुटिनीन जनुकक्रम सार्वजनिक संग्रहात उपलब्ध होते, असे अमेरिकी संशोधकांनीच नमूद केले होते. सव्वाशे कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशाबद्दलचे अनुमान दोन नमुन्यांवर बेतावे लागावे आणि त्याला उत्तर देणाऱ्या संस्थेजवळील माहितीही त्या वेळी सर्वांपुढे नसावी, ही स्थिती दोन्ही पक्षांना भूषणावह नव्हती.

पुढे जे घडले ते उद्‌बोधक आहे. फेरेट प्राण्याच्या रक्तरसाने तपासले असता नवे एच१एन१ विषाणू जुन्या कॅलिफोर्निया प्रभेदासारखेच दिसत राहिले. परंतु माणसांच्या, विशेषतः काही वयोगटांतील प्रौढांच्या, रक्तरसाने तपासले असता फरक उमटू लागला. फेरेटने आयुष्यात एकच विषाणू पाहिलेला असतो. माणसाच्या रक्तात मात्र बालपणापासूनच्या सर्व संसर्गांची स्मृती असते. हा फरक विचारात घेऊन सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सात वर्षे चाललेला कॅलिफोर्निया प्रभेद काढून त्याजागी ए/मिशिगन/४५/२०१५ सुचविला. २०१७ च्या साथीत, जेव्हा देशात २,२७० मृत्यू झाले, भारतीय लशीत हा बदल करण्यात आला. दरम्यान २०१५ मध्येच महाराष्ट्र शासनाने गरोदर स्त्रिया तसेच मधुमेह व उच्च रक्तदाब असलेले रुग्ण यांना ही लस मोफत देण्याचे ठरविले होते. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात इन्फ्ल्यूएंझाचा समावेश नसल्याने हा निर्णय लक्षणीय होता.

अंदाजाच्या पद्धती : एच३एन२ च्या बाबतीत काम अधिक अवघड असते, कारण तो सर्वांत वेगाने बदलतो. २०१४-१५ च्या हिवाळ्यात लशीत ए/टेक्सस/५०/२०१२ हा प्रभेद होता. शिफारस झाल्यानंतर वेगळाच विषाणू पसरला आणि अमेरिकेत लशीची परिणामकारकता सु. १९ टक्क्यांवर आली. अशा घटनांमुळे केवळ पसरलेल्या विषाणूची नोंद न घेता पुढे कोणता वरचढ होईल हे गणिताने सांगता येईल का, या प्रश्नाकडे लक्ष वळले. डेरेक स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रतिजनी नकाशाची पद्धत मांडली. तीत विषाणू व रक्तरस यांच्या परस्परक्रियांची मोजमापे नकाशातील अंतरांत रूपांतरित करतात. दोन विषाणू नकाशावर जितके दूर, तितकी एकाविरुद्धची लस दुसऱ्यावर निष्प्रभ. २०१३ मध्ये असे दिसून आले की, एच३एन२ च्या दशकानुदशकांच्या प्रतिजनी उड्या हीमॅग्लुटिनिनातील मुख्यतः सातच जागांच्या बदलांनी झाल्या आहेत व त्या सर्व कोशिकेला चिकटण्याच्या खळग्याभोवती आहेत. २०१४ मध्ये मार्ता लुक्शा व मिखाएल लेसिग यांनी विषाणूच्या प्रत्येक शाखेची टिकून राहण्याची क्षमता तिच्यातील बदलांवरून मोजून पुढील वर्षातील तिचा वाटा वर्तविण्याचे प्रतिमान रचले. त्याच वर्षी रिचर्ड नेहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वंशवृक्षाच्या नुसत्या आकारावरून, म्हणजे कोणत्या फांदीला अलीकडे दाट फुटवा आला आहे यावरून, वर्तन करता येते हे दाखविले. आंब्याच्या कोणत्या फांदीला यंदा मोहोर धरेल हे जुना बागवान पालवी पाहून सांगतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त बागवानाला झाडाच्या सर्व फांद्या दिसत असतात.

येथे पुण्याचा संबंध पुन्हा येतो. ट्रेव्हर बेडफर्ड व इतरांनी २००० ते २०१२ या काळातील नऊ हजारांवर विषाणूंचे जनुकक्रम तपासून २०१५ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या लेखकांत पुण्याच्या संस्थेतील मनदीप चढ्ढा व वर्षा पोतदार यांची नावे आहेत. एच३एन२ चे नवे प्रकार बहुधा पूर्व व आग्नेय आशियातून जगभर जातात, हे पूर्वी ज्ञात होते. जुना एच१एन१ व बी हे विषाणू मात्र वेगळे वागतात. त्यांच्या शाखा एकेका प्रदेशात अनेक हंगाम तग धरतात व त्यांच्या जागतिक प्रसारात पूर्व व आग्नेय आशियाचा वाटा मर्यादित असतो, असे या निबंधाने दाखविले. अशा शाखा दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या प्रदेशांत भारताची गणना होते. भारतीय नमुने नसते, तर ही गोष्ट उघडकीस आलीच नसती.

२०२० मध्ये कोविड-१९ च्या निर्बंधांमुळे जगात इन्फ्ल्यूएंझा जवळजवळ नाहीसा झाला. अंदाजाला लागणारे नमुनेच मिळेनासे झाले आणि त्या काळातील शिफारशी अत्यल्प माहितीवर कराव्या लागल्या. बी प्रकारातील यामागाटा हा वंश मार्च २०२० नंतर खात्रीलायकपणे आढळला नाही, म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये तो घटक लशीतून वगळण्याची शिफारस झाली व चतुर्घटकी लस पुन्हा त्रिघटकी होऊ लागली. भारतात २०२१ पासून इन्फ्ल्यूएंझा व कोविड यांचे निरीक्षण एकत्रितपणे होऊ लागले. २०२२ च्या अखेरीपासून एच३एन२ चा जोर वाढला. मार्च २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड येथेही या विषाणूची बाधा झालेल्या एका वृद्ध रुग्णाच्या मृत्यूची नोंद झाली. तो महिना ना पावसाळ्याचा, ना थंडीचा.

निरीक्षणासाठी येणारे नमुने प्रामुख्याने रुग्णालयांतील असतात. त्यांत लहान मुले, वृद्ध व गंभीर आजारी यांचे प्रमाण अधिक असते. कारखान्यात पाळी करणारा पंचविशीतला कामगार त्यांत सहसा नसतो. गणिती प्रतिमानांना मात्र नेमकी हीच माहिती हवी असते, कारण विषाणूची नवी शाखा प्रथम वाढते ती अशा हिंडत्या-फिरत्या लोकांत, रुग्णालयातील खाटेवर नव्हे. पट्ट्यातील काही मोठे कारखाने आपल्या कायम नोकरांना उन्हाळ्याच्या शेवटी लस देण्याची सोय करतात. कंत्राटदारामार्फत आलेल्यांना ती क्वचितच मिळते. त्या लशीत कोणते प्रभेद असावेत, हे आदल्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात, म्हणजे पुण्यातील पावसाळ्याची साथ जेमतेम ओसरत असताना, ठरलेले असते. जुलै-ऑगस्टमध्ये येथे गोळा झालेले विषाणू त्या बैठकीपर्यंत पोहोचण्यास प्रयोगशाळेच्या हाती चार-सहा आठवडेच असतात.